सांडपाण्यातून निघाला सुगंध



पऱ्हाटी मोडून पाहा. तिचा कडकपणा लिग्निनमुळे. भिंतीत विटा धरायला चुना, तसं लाकडातले धागे धरायला लिग्निन. लाकडात त्याचा वाटा साधारण पाव.

जर्मनीत १८७४ साली टीमन आणि हारमान यांनी पाइन झाडाच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलीन केलं. आइस्क्रीमला येतो तो हाच वास. कागद कारखान्यांना मात्र हवे फक्त धागे. लिग्निन विरघळवून ते पाणी नदीत सोडून देत. १९३० नंतर अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, हेच पाणी अल्कली आणि हवा देऊन तापवलं, लिग्निन फुटलं आणि व्हॅनिलीन हाती आलं! पुढे खनिज तेलापासूनचं व्हॅनिलीन स्वस्त पडलं. कॅनडातला मोठा कारखाना १९८७ साली बंद झाला. नॉर्वेत मात्र आजही लाकडापासून व्हॅनिलीन निघतं.

आपल्या बांधावर कारखाना नाही, पण बुरशी आहे. तीही लिग्निन फोडते, फक्त सावकाश. त्यातूनच जमिनीला ह्यूमस मिळतो. तेव्हा यंदा पऱ्हाटी पेटवू नका. बारीक तुकडे करा, शेणकाला शिंपडा, खड्ड्यात ओल राखून कुजवा. जाळलं तर उरते नुसती राख.