माहेरची गाणी, कन्नड अक्षरे

गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. मैलूरला आमच्या आळीत राहणाऱ्या एक काकू सकाळीच घरी आल्या. हातात कापडात गुंडाळलेले जुने पुस्तक होते. उघडून पाहिले तर मराठी ख्रिस्ती मंडळीचे 'उपासना संगीत'. काकूंचे माहेर नगरकडचे. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या बिदरला आल्या, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या ट्रंकेत होते. सासरच्या चर्चमधली उपासना कन्नडमध्ये चालायची. ती त्या मनापासून शिकल्या. पण दिवेलागणीला घरी बसून म्हणायची ती मात्र याच पुस्तकातली गाणी. आमच्या ओट्यावर हरिपाठ चालायचा आणि भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा. चाल ओळखीची, ताल ओळखीचा, नाव तेवढे वेगळे.

"गुर्जी," काकू म्हणाल्या, "नातवाला मराठी बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही हो. यातली वीस-पंचवीस गाणी कन्नड अक्षरांत उतरून द्या. मी गेल्यावर कोण म्हणणार?"

माझा जन्म मराठी शिकवण्यात गेला. मराठी गाणी माझ्याच हाताने कन्नड लिपीत लिहायची, हे काही मनाला रुचेना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या राज्यातला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून आपल्या घरांत अक्षर हा हळवा विषय आहे. दोन दिवस पुस्तक टेबलावर पडून राहिले. मग ते वाचायला घेतले, आणि त्या वाचनातून मराठी ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात शिरलो.

उपासना म्हणजे तरी काय? स्तोत्र म्हणायचे, पापाची कबुली द्यायची, शास्त्रवाचन ऐकायचे, प्रभुभोजनाची भाकर घ्यायची, हा झाला विधी. विधीचा हेतू एकच, देव दूर वाटू नये. येशूने देवाला हाक मारली ती 'अब्बा' अशी. हा शब्द मार्काच्या शुभवर्तमानात मूळ अरामी रूपातच ठेवला आहे. यरुशलेमच्या मंदिरातील ग्रंथभाषा हिब्रू; 'अब्बा' हा घरातल्या बोलीतला शब्द. बिदरच्या गल्ल्यांत उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले बापाला आजही अशीच हाक मारतात. म्हणजे जवळीक साधायची तर ती घरच्या बोलीत, हा धडा या धर्माच्या मुळाशीच आहे.

तो मराठीत प्रथम गिरवला एका इंग्रज जेझुइटाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला. त्या काळच्या गोव्यात सत्तेच्या जोरावर देवळे पाडली गेली होती, हे विसरून चालणार नाही. पण स्टीफन्सने लोकांचे ऐकले. पुराणे तर सुटली, आता आम्ही वाचावे तरी काय, असा नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न त्याच्या ग्रंथातच येतो. त्याचे उत्तर म्हणजे 'क्रिस्तपुराण': सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या. मराठी भाषेची थोरवी या परदेशी माणसाने त्यात तोंड भरून गायिली आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पण गोव्याच्या घरांतली बोली काही मेली नाही. हुकमाने बोली मरत नाही, ती मरते घरातल्या मौनाने.

दुसरे पाऊल देशावर पडले. एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी आपल्याकडची भजने मराठीत आणली, पण चाल विलायती ठेवली. मराठी शब्द त्या चालीत कोंबताना भलत्याच अक्षरावर जोर यायचा. शिवाय गाणे म्हणायचे तर पुस्तक हवे आणि वाचता यायला हवे. मंडळीत तर बहुसंख्य निरक्षर. ही अडचण अहमदनगरकडच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ओळखली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, साथीला टाळ-मृदंग. ध्रुपद बुवांनी म्हणायचे आणि श्रोत्यांनी उचलायचे. अक्षर न येणारी बाईही दुसऱ्या खेपेला त्या उपासनेत सामील होते. नुसते ऐकणे निराळे आणि आपल्या तोंडाने म्हणणे निराळे, हे वारकऱ्यांच्या घरी सांगायला नको.

तिसरे आणि सर्वांत मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. जन्म १८६१, करजगावचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर फुटले. पुढची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी कशी काढली ते 'स्मृतिचित्रे'त आहे. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाच्या वाटेने. देवाशी जवळीक उसनी घेता येत नाही, नवऱ्याकडूनही नाही, हे त्या पुस्तकाने मला शिकवले.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. धर्मांतर केले म्हणून त्यांनी तो पूल तोडला नाही. 'अभंगांजली'त त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ताला माउली म्हटले. माउली हा शब्द आपण ज्ञानोबांसाठी राखून ठेवलेला. तो ख्रिस्ताला लावताच न्यायासनावरचा देव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यातले चौसष्ट अध्याय त्यांचे आहेत. बेताच्या शिक्षणाची ही बाई एवढे लिहू शकली, कारण ओवी तिला जात्यावरच भेटली होती.

आमच्या मुलखाला हे परके नाही. दामाजीपंतांसाठी विठोबा विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला आला तो बिदरच्याच दरबारात. बसवण्णांनी कल्याणला देवाशी बोलणे केले ते संस्कृतात नव्हे, लोकांच्या कन्नडमध्ये. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदे केली, कन्नडमध्ये केली, हिंदीतही केली. आमच्याच शेजारच्या विकाराबादकडे धारूरला १९२३ पासून मेथडिस्ट ख्रिस्ती लोकांचा मेळा भरतो, त्याला सारे 'जत्रा' असेच म्हणतात. भक्तीने इथे कधी एका भाषेचा हट्ट धरला नाही.

इथे मी अडखळलो. घरच्या बोलीत जवळीक, हा नियम खरा मानला, तर काकूंच्या नातवाची बोली कोणती? शाळा कन्नड, मित्र कन्नड, चर्च कन्नड. देवाला 'तंदे' म्हणताना त्याचे मन भरून येत असेल, तर त्याला मराठीकडे ओढणारा मी कोण? हा प्रश्न ख्रिस्ती घरापुरता नाही. माझी नात हरिपाठ म्हणते तोही आजीचे पाहून. अर्धे शब्द तिला कळत नाहीत.

उत्तर 'क्रिस्तपुराणा'नेच दिले. मराठीतला हा थोर ग्रंथ छापला गेला होता रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. अक्षरे परकी, ओवी मराठी, आणि चारशे वर्षांनंतरही ती ओवी मराठीच आहे.

मी वही आणली आणि लिहायला बसलो. कन्नडमध्ये 'ळ' आहे, त्याची अडचण आली नाही. 'चरण' सरळ उतरला, पण 'चुकलो'मधला 'च' त्याला कसा कळणार? देवनागरीतही त्याला वेगळी खूण नाही. आपण कानाने शिकलो म्हणून चुकत नाही. अशा अक्षरांखाली तांबड्या शाईने टिंब दिले. पंचवीस गाण्यांना अकरा दिवस लागले.

नाताळच्या आदल्या रात्री काकूंनी आम्हाला बोलावले. नातू वही धरून बसला होता. तांबड्या टिंबापाशी आला की थांबायचा, आजीच्या तोंडाकडे बघायचा, ती म्हणेल तसा म्हणायचा. चौथ्या गाण्याला त्याने विचारले, "अज्जी, माउली म्हणजे काय?"

काकूंनी गाणे थांबवले आणि त्याला कन्नडमध्ये समजावून सांगितले.