गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळी (शास्त्रीय नाव: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) ही गेलेकिइडी कुळातील पतंगाची एक प्रजाती आहे. तिची अळी कपाशीवरील प्रमुख कीड मानली जाते. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ विल्यम विल्सन साँडर्स यांनी भारतातील नमुन्यांवरून १८४३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुका, व त्यातील पिंपळगाव राजाचा परिसर, वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात मोडतो. या पट्ट्यात ही कीड आढळते.

== वर्णन ==
पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा व निशाचर असतो. पंखविस्तार सुमारे १५ ते २० मिमी असतो. पुढील पंखांवर गडद ठिपके व पट्टे, तर मागील रुपेरी-करड्या पंखांच्या कडांना केसांची झालर असते. लहान अळी पांढरट असून तिचे डोके गडद तपकिरी असते. पूर्ण वाढलेली अळी १० ते १२ मिमी लांब असून तिच्या अंगावर गुलाबी पट्टे दिसतात. त्यावरूनच तिला हे नाव मिळाले.

== जीवनक्रम ==
मादी पाते, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. मोत्यासारखी पांढरी अंडी उबण्यापूर्वी लालसर होतात. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. प्रादुर्भावग्रस्त फूल नीट उमलत नाही. अशा फुलास ''डोमकळी'' म्हणतात. बोंडात अळी सरकी खाते, त्यामुळे रुईची प्रत व उतारा घटतो. साधारण दोन आठवड्यांनी पूर्ण वाढ झाल्यावर ती जमिनीत, पालापाचोळ्यात किंवा बोंडातच कोषावस्थेत जाते. अनुकूल हवामानात एक पिढी सुमारे महिनाभरात पूर्ण होते. हंगामाच्या शेवटी काही अळ्या दोन सरक्या एकत्र जोडून त्यांत सुप्तावस्थेत राहतात व पुढील पिकावर पतंग होऊन येतात.

== प्रादुर्भाव व नियंत्रण ==
भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला, तर २००६ मध्ये दोन जनुके असलेल्या बीटी वाणांना परवानगी मिळाली. एका जनुकाच्या वाणांविरुद्ध या किडीत निर्माण झालेली प्रतिकारशक्ती २०१० पर्यंत गुजरातमध्ये आढळून आली. पुढे दोन जनुकांची वाणेही निष्प्रभ ठरू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात मोठे नुकसान झाले.

अळी बोंडात लपलेली असल्याने फवारणीचे औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून तिचा जीवनक्रम खंडित करण्यावर भर दिला जातो. त्यासाठी फरदड न घेणे, पऱ्हाटी व किडकी बोंडे वेळीच नष्ट करणे आणि जिनिंग कारखान्यांतील सरकीची स्वच्छता राखणे आवश्यक असते. पतंगांची संख्या समजण्यासाठी कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आढळल्यास ती आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. अंड्यांवर जगणारा ट्रायकोग्रामा हा परजीवी कीटकही वापरला जातो.

अमेरिकेने सामूहिक मोहिमेद्वारे २०१८ मध्ये या किडीचे आपल्या कापूसक्षेत्रातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. पतंग एका शेतातून दुसऱ्या शेतात उडत जात असल्याने भारतातही गावपातळीवरील एकत्रित नियंत्रण महत्त्वाचे ठरते.