डबी उघडली तेव्हा: पृष्ठलहरी आणि वायूंचा शोध

आजचा विषय वायू ओळखणाऱ्या चकतीचा, पण सुरुवात भूकंपापासून करावी लागते. १८८५ साली लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवलं, की घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून एक लहर धावू शकते. ती खोल जात नाही, साधारण एका तरंगलांबीतच विरते. भूकंपात तिचा वाटा असावा, हा त्यांचा अंदाज खरा ठरला.

१९६५ मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी तिला स्फटिकावर आणलं. दोन फण्यांचे दात एकमेकांत घालावेत, तसे धातूचे बारीक पट्टे. एका जोडीला वीज दिली की लहर उठते, दुसरी जोडी तिची पुन्हा वीज करते. रडारला, पुढे टीव्हीच्या फिल्टरला हे फार उपयोगी पडलं.

आता अडचण बघा. क्वार्ट्झवर ही लहर सेकंदाला सुमारे ३,१५० मीटर धावते. १०० मेगाहर्ट्झला तिची लांबी जेमतेम ३२ मायक्रॉन. सगळी ऊर्जा वरच्या कातडीत! त्यामुळे धूळ बसली, दमट हवा लागली, की वेग बदलतो. म्हणून अभियंते ती चकती हवाबंद डबीत ठेवत.

१९७९ मध्ये वोल्टजेन आणि डेसी या रसायनशास्त्रज्ञांनी नेमकं उलट केलं. चकती उघडी ठेवली, तिच्यावर बहुवारिकाचा पातळ थर दिला. थराने वाफ शोषली की वजन वाढतं, लहर मंदावते, वारंवारता घसरते. १९८२ मध्ये इटलीत पॅलॅडियमचा थर देऊन हायड्रोजन पकडला गेला.

इथे इलेक्ट्रॉनिक्सचं कौतुक फार होतं. आम्हाला विचाराल तर खरं श्रेय थर बनवणाऱ्यांचं. कारण चकतीला फक्त बदल कळतो, कोण आलं ते नाही. मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या वायूसाठी इशारा द्यायचा आणि ती निघाली पाण्याची वाफ, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मुखवटा कोण चढवणार? म्हणून अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात वेगवेगळ्या थरांच्या चकत्या घेऊन त्यांच्या प्रतिसादांचा एकत्रित नमुना वाचायला सुरुवात झाली.

तापमानाचा घोळ मात्र उरतोच. त्यावर उपाय जुनाच: शेजारी दुसरी चकती ठेवायची आणि दोघींच्या वारंवारतेतला फरक मोजायचा. पहिली उघडी. दुसरी हवाबंद डबीत.