भार नसलेले खांब

नाशिकच्या पांडवलेण्यांत, क्रमांक ३ च्या लेण्यापुढे आम्ही उभे होतो. सोबत एका शिक्षकमित्राचा नववीचा वर्ग होता. या लेण्याच्या ओसरीखाली सहा दांडगे यक्ष कोरलेले आहेत. कमरेपर्यंत जमिनीत रुतलेले, आणि खांद्यांवर जाड तुळया. तुळयांवर कठडा, कठड्यातून वर निघालेले खांब, खांबांवर छत आणि छतावर सगळा डोंगर. मुले यक्षांचे चेहरे पाहून हसत होती. एका मुलीने मात्र विचारले, "सर, हे सहा जण काढून टाकले, तर वरचं सगळं खाली येईल का?"

उत्तर न देता आम्ही तिला आत नेले. आतले दालन सुमारे साडेबारा मीटर रुंद आणि चौदा मीटर खोल आहे. छत सपाट. तिला म्हटले, "आता इथले खांब मोज." तिने इकडेतिकडे पाहिले. एकही खांब नव्हता! एवढ्या मोठ्या छताला आधार लागत नाही, तर बाहेरच्या अरुंद ओसरीला तो कशासाठी?

आपण घर बांधतो तेव्हा पाया आधी घालतो आणि छप्पर शेवटी. लेण्यात क्रम उलटा असतो. बेसॉल्टचा अखंड कडा. कारागीर वरून सुरुवात करतो, छत आधी तासून घेतो आणि खाली खाली येतो. पायाखालचा न कोरलेला दगड हीच त्याची परांची. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे, तिथे ही पद्धत स्पष्ट दिसते. खांब म्हणजे आजूबाजूचा दगड काढून टाकल्यावर शिल्लक ठेवलेला भाग. घारापुरीच्या मोठ्या लेण्यातले कितीतरी खांब तुटले, तरी छत जागेवर राहिले. पुरातत्त्व खात्याने त्यांतले काही नंतर पुन्हा उभे केले. याच क्रमाने पाहिले, तर आपले यक्ष सगळ्यांत शेवटी जन्मले. ज्या छताचा भार ते वाहताना दिसतात, ते त्यांच्या आधीच तयार होते.

मग हा खटाटोप कशासाठी? मला वाटते, लेणे पाहताना आपण इमारत पाहत नसून इमारतीचे शिल्प पाहत असतो, हे आधी लक्षात घ्यावे. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहापुढे हे सहज पटते. दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी कमान आहे आणि कमानीच्या आत ओळीने वाशांची टोके दिसतात. सगळे दगडाचे. दगडाला वासे लागत नाहीत. ती लाकडी सभागृहाची आठवण आहे. कार्ल्याच्या चैत्यात तर छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आजही आहेत, आणि त्याही काहीच पेलत नाहीत. पाहणाऱ्याला ओळखीच्या लाकडी प्रार्थनागृहात आल्यासारखे वाटावे, एवढेच त्यांचे काम.

चैत्यगृहाच्या टोकाला स्तूप आहे. बुद्धाची मूर्ती नाही. अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका. अवशेषांवर रचलेल्या ढिगाऱ्याचे हे रूप, आणि तेच बुद्धाच्या जागी पूजेला. ३ क्रमांकाच्या विहारातही मागच्या भिंतीवर स्तूपच कोरला आहे. यक्षांच्या डोक्यावरचा कठडा हाही मूळचा स्तूपाभोवतीचा, पवित्र जागेची हद्द सांगणारा. म्हणजे यक्षांनी खांद्यावर घेतले आहे ते नुसते घर नव्हे. पालखीला भोई लागावेत तसे ते सहा जण मला दिसतात.

या वास्तूचा खरा भार कोणी वाहिला, ते शिलालेखांत लिहिलेले आहे. त्यांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे येते. पांडवांचा कुठे पत्ता नाही. चैत्याच्या दारावरचे कोरीवकाम धंबिक नावाच्या गावाने दिले. १० क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे. ओसरीतली एक खोली त्याची बायको दक्षमित्रा हिने दिली. इथला एक लेख गणिताच्या तासाला जरूर न्यावा. उषवदाताने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेवीने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेतून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. महिन्याला २०, वर्षाला २४०; आणि २० गुणिले १२ किती? मुलांनी हे तिथेच बोटांवर केले. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिच्या ३ क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखात, मुलाने क्षहरात वंश नि:शेष केल्याचा अभिमान आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूचे नाणे त्याने असे आपले करून घेतले. पण काही मिनिटांच्या अंतरावरचे उषवदाताचे लेख कोणी छिन्नीने खरवडले नाहीत. या दोन गोष्टी मुलांसमोर एकत्र ठेवाव्यात आणि थोडा वेळ गप्प बसावे.

जमिनीचे काय झाले, तेही ३ क्रमांकाच्या ओसरीच्या भिंतीवरच कळते. पूर्वी उषवदाताकडे असलेले काखडी गावचे २०० निवर्तने शेत गौतमीपुत्राने राज्याच्या १८व्या वर्षी भिक्षूंना दिले, आणि तसा हुकूम गोवर्धनच्या अमात्याला धाडला. हे गोवर्धन आजही नाशिकच्या पश्चिमेला गोदेकाठी आहे. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. हा राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे आहे. काखडीचे शेत कोणी कसत नाही, गावही ओस पडले आहे. तेव्हा नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत, असे त्यात म्हटले आहे.

परतताना ती मुलगी पुन्हा यक्षांपाशी थांबली. "गावातली माणसं गेली, म्हणून शेत बदललं?" तिने विचारले. हो म्हटले. तिने वहीत काखडी हे नाव लिहून घेतले आणि पायऱ्या उतरू लागली.