दाद मागायची, पण कोणाकडे?
वाशीमकरांसाठी स्वतंत्र तक्रार यंत्रणांची ओळख

वाशीम - निवृत्तिवेतन रखडले, विजेचे बिल अवाजवी आले किंवा बँकेने खात्यातून परस्पर रक्कम कापली, की नागरिक प्रथम त्याच कार्यालयाचे उंबरठे झिजवतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारा लोकशाही दिन हाही एक मार्ग आहे; मात्र तेथे गाऱ्हाणे ऐकणारे प्रशासनाचेच अधिकारी असतात. संबंधित विभागाबाहेरच्या व्यक्तीने निर्णय द्यावा, यासाठी काही स्वतंत्र यंत्रणा कायद्याने निर्माण केल्या आहेत.

लोकायुक्त
राज्यात लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम १९७१ मध्ये संमत झाला. ओडिशाने असा कायदा आधी केला असला, तरी १९७२ मध्ये ही संस्था प्रत्यक्ष स्थापन करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. गैरकारभारामुळे झालेल्या अन्यायाचे गाऱ्हाणे बारा महिन्यांत, तर भ्रष्टाचाराचा आरोप तीन वर्षांत मांडावा, अशी मुदत या अधिनियमाने घातली. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आवश्यक ठरवले. सेवाशर्तींचे वाद वगळले. पण निवृत्तिवेतन, उपदान व भविष्य निर्वाह निधीच्या मागण्यांना मुभा ठेवली. चौकशीअंती लोकायुक्त शिफारस करतात, हुकूम देत नाहीत. शासनाने ती डावलल्यास राज्यपालांना विशेष अहवाल सादर करण्याची तरतूद अधिनियमात केली गेली. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले.

लोकसेवा हक्क आयोग
दाखले, परवाने आदी अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा २०१५ च्या अधिनियमाने नागरिकांचा हक्क झाला. सेवा न मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील व त्यानंतर दुसरे अपील विभागातच करावे लागते. तिसरे अपील मात्र स्वतंत्र आयोगाकडे जाते. वाशीमसाठी हे आयुक्त अमरावतीला आहेत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विद्युत लोकपाल
महावितरणविरुद्धची तक्रार आधी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे न्यावी लागते. मंचाचा निर्णय अमान्य असल्यास साठ दिवसांत नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.

बँकिंग लोकपाल
रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभरासाठी एकात्मिक लोकपाल योजना सुरू केली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास लोकपालांकडे ऑनलाइन अथवा टपालाने विनाशुल्क जाता येते.

अंतर आणि मुदत
१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात यांपैकी एकाही यंत्रणेचे मुख्य कार्यालय नाही. लोकायुक्तांचे कार्यालय तर मुंबईत, पाचशेहून अधिक किलोमीटरवर. मानोरा किंवा रिसोडच्या ग्रामस्थाला तेथवरचा प्रवासखर्च परवडणारा नाही. तथापि, लेखी अर्ज टपालाने पाठवता येत असल्याने अंतरापेक्षा मुदत चुकणे अधिक महागात पडते. आधीची पायरी वगळली, तर रास्त तक्रारही परत येते. त्यामुळे पहिल्या अर्जाची पोच, तिच्यावरील तारीख आणि आलेले उत्तर जपून ठेवणे हाच पुढील दाद मागण्याचा खरा आधार ठरतो.