नोंद आणि नोंदलेला माणूस : दारिद्र्य, विकास व संगणक यांवरील काही ग्रंथांच्या निमित्ताने

रामगिरी म्हणजे रामटेक, हे वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडलेले मत 'मेघदूता'च्या संदर्भात पुष्कळ चर्चिले गेले आहे. त्या मानाने याच रामगिरीशी संबंधित असलेल्या एका दानपत्राकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिला गेला. त्यात दान घेणाऱ्या ब्राह्मणांचे गोत्र नोंदविले आहे. शेताबरोबर दिलेल्या कर्षकांच्या घरांची मात्र केवळ संख्या सांगितली आहे : चार. कर्षक नोंदीत आहे, परंतु तो नोंदीचा कर्ता नाही आणि वाचकही नाही.

दारिद्र्यनिवारणातील संगणकाच्या भूमिकेविषयी अलीकडे जे ग्रंथ लिहिले गेले, ते वाचताना या ताम्रपटाची आठवण होते. कारण त्यांचाही खरा विषय नोंद हाच आहे. २०१५ साली असे दोन ग्रंथ आले. नंदन निलेकणी व विरल शहा यांच्या 'रीबूटिंग इंडिया'मध्ये शासन व नागरिक यांच्यातील अंतर तंत्रज्ञानाने मिटविता येईल, असा विश्वास आहे. केंटारो तोयामा यांच्या 'गीक हेरेसी'चे प्रतिपादन याच्या उलट दिशेचे आहे. त्यांच्या मते तंत्रज्ञान समाजात आधीच असलेल्या शक्तींना वाढवून दाखविते. नसलेली शक्ती ते निर्माण करीत नाही.

तोयामांच्या मताला महाराष्ट्रातील अनुभवाची जोड आहे. १९९८ मध्ये वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत, संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीची माहिती मराठीतून खेड्यात पोहोचावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या हिशेबासाठी झाला. पुढे तोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ गावांत ८ महिने प्रयोग करून तेच काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर चालवून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक पसंतही पडले. यंत्र जेथे उपयोगी ठरले तेथे सहकाराची जुनी घडण होती आणि सभासदाचे खाते होते. ज्याच्या नावावर ऊसच नाही, त्याला त्या केंद्रात विचारण्यासारखे फारसे काही नव्हते.

तरीही 'वाढवून दाखविणे' ही कल्पना अपुरी वाटते. नोंद केवळ आधीचे सत्तासंबंध वाढवीत नाही. माणसाकडे पाहण्याची रीतही ती ठरविते. १९७१ साली वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० उष्मांक हा त्यांचा निकष होता, आणि त्यावरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे त्यांनी दाखविले. हा आकडा निनावी होता. पण तो भुकेविषयी बोलत होता, आणि त्याच्याशी जाहीर वाद घालता येत होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले 'आधार' क्रमांक वाटले गेले. हा १२ अंकी क्रमांक माणूस नेमका ओळखतो, परंतु त्याच्या भुकेविषयी काहीच सांगत नाही. उलट कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा जुळला नाही, तर खोटा ठरतो तो माणूस, यंत्र नव्हे. रीतिका खेरा यांनी संपादित केलेल्या 'डिसेंट ऑन आधार' (२०१९) या ग्रंथाचे महत्त्व असे की, लाभातून वगळले जाण्याचा प्रश्न तो यंत्रदोष म्हणून न पाहता हक्काचा प्रश्न म्हणून पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कल्याणकारी योजनांसाठी आधार ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ग्राह्य धरला, न्या. धनंजय चंद्रचूड यांचे मत भिन्न होते.

मराठी वैचारिक परंपरेला हा प्रश्न नवा नाही. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध त्याच्या निरक्षरतेशी आणि कुलकर्ण्यादिकांच्या लेखणीशी जोडला. मधला माणूस दूर करू पाहणाऱ्या निलेकणींच्या भूमिकेला त्यामुळे काही एक बळ निश्चितच आहे, हे मान्य केले पाहिजे. पण लेखणी बदलणे ही फुल्यांच्या मागणीची केवळ एक बाजू होती. शेतकऱ्याच्या मुलाला अक्षर यावे, ही त्यांची मूळ मागणी होती. लेखणीच्या जागी संगणक आला, तरी ती मागणी आपोआप पुरी होत नाही. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही सोय मोठीच आहे. परंतु त्यातील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आजही महसूल अधिकाऱ्याकडेच आहे.

म्हणून या ग्रंथांचे मूल्यमापन करताना नोंद किती जलद झाली, एवढ्यावर थांबता येणार नाही. नोंदलेल्या माणसाला आपली नोंद वाचता येते काय, तिच्याशी वाद घालता येतो काय आणि ती बदलून घेता येते काय, हे पाहावे लागेल. कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलले जाते, हा प्रश्न समीक्षेने कथा-कादंबरीला विचारला आहेच. तो आता शिधापत्रिकेला आणि सातबाऱ्यालाही विचारला पाहिजे. ताम्रपटातील त्या चार घरांत कोण राहत होते हे आज कळण्याचा मार्ग नाही. आपल्या काळातील नोंदींविषयी मात्र ही सबब पुढे करता येणार नाही.