‘अंतिम पग’ : दीक्षान्त संचलनाचा सोहळा

पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) दीक्षान्त संचलन वर्षातून दोनदा होते. तीन वर्षांची सहा सत्रे पूर्ण करणाऱ्या छात्रांना निरोप देणारा हा सोहळा पाहण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून आईवडील, आजी-आजोबा आणि भावंडे येथे येतात. आदल्या दिवशी पदवीदान होते. ही पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते.

पालकांच्या समोरचे मैदान सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल यांच्या नावाने ओळखले जाते. याच प्रबोधिनीचे ते विद्यार्थी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणगाडा युद्धात त्यांना वीरमरण आले, तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. समोरून जाणारी मुले साधारण त्याच वयाची असतात, ही जाणीव टाळ्यांच्या गजरातही पालकांना सोडत नाही.

प्रमुख पाहुण्यांची पाहणी, पदकांचे वितरण, संथ आणि जलद गतीचे संचलन, आकाशातून विमानांची सलामी असा कार्यक्रमाचा क्रम असतो. अखेरीस शेवटच्या सत्राचे छात्र कनिष्ठ छात्रांच्या रांगांमधून संथ पावलांनी जातात आणि ‘अंतिम पग’ ही अक्षरे कोरलेली शिळा ओलांडतात. त्या क्षणी त्यांचे प्रबोधिनीतील छात्रजीवन संपते.

मात्र हे छात्र त्या दिवशी अधिकारी होत नाहीत, हे अनेक नातेवाइकांना येथे आल्यावरच कळते. भूदलाचे छात्र डेहराडूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीत (आयएमए), नौदलाचे केरळमधील एझिमला येथे, तर हवाई दलाचे हैदराबादजवळील दुंडिगल येथे पुढील प्रशिक्षणासाठी जातात. भूदलाच्या छात्राला त्यासाठी आणखी एक वर्ष द्यावे लागते.

डेहराडूनची प्रबोधिनी १९३२ मध्ये ४० छात्रांनिशी सुरू झाली. पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्या पहिल्या तुकडीत होते. येथेही चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढून छात्र ‘अंतिम पग’ ओलांडतात. त्यानंतरचा विधी मात्र कुटुंबाचा असतो. खांद्यावरील लेफ्टनंटपदाचे दोन तारे आतापर्यंत झाकलेले असतात. ते आईवडील आपल्या हातांनी उघडतात. मुलाला सैन्याच्या स्वाधीन करण्याची ही कृती घरच्यांकडूनच घडावी, यात या प्रथेचे मर्म आहे.

१३ जून २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे डेहराडूनच्या संचलनाला पालकांना प्रवेश नव्हता. त्यांनी घरी बसून थेट प्रक्षेपण पाहिले आणि मुलांच्या खांद्यावरील तारे प्रबोधिनीतील अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांनी उघडले. कुटुंबाची उपस्थिती म्हणजे केवळ हौस नव्हे, हे त्या रिकाम्या प्रेक्षागाराने दाखवून दिले.

खडकवासल्यात ३० मे २०२५ रोजी १७ मुलींनी ‘अंतिम पग’ ओलांडला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींना प्रबोधिनीचे दार खुले झाले आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून महिला १९९० च्या दशकापासूनच अधिकारी होत होत्या. बारावीनंतर थेट या वाटेने निघालेल्या लेकीला निरोप देण्याचा प्रसंग मात्र खडकवासल्यातील पालकांवर त्या दिवशी प्रथमच आला.